झोपवलेला विस्तव

केनाक बेट,
१२ एप्रिल १९८७

प्रिय रोसामेल,

तुला, ग्लादिसला आणि पोरांना आशीर्वाद. आईची तब्येत तिच्या वयाला शोभेल अशी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र चांगली चालते. माझंही बरं आहे. बटाटे काढून झाले. निळे भरपूर आले, पांढऱ्यांना यंदा कीड लागली. लाल गाय व्याली, वासराच्या कपाळावर पांढरा टिळा आहे आणि आईने त्याचं नाव ठेवायचं तुझ्यासाठी राखून ठेवलंय. तेव्हा पुढच्या पत्रात नाव कळव, तोवर आम्ही त्याला नुसतं 'ए' म्हणतो.

तुझा फोटो पोचला. तुम्ही ज्या भिंतीपुढे उभे आहात तिथे खाली ती निळ्या ज्योतीची पेटी दिसते. आईने भिंग लावून तुमच्या तोंडांआधी तीच पाहिली. "ह्याचा धूर कुठून जातो?" मी म्हटलं, गॅस आहे आई, धूर होतच नाही. त्यावर ती म्हणाली, "मग बाहेरच्याला कळतं कसं, घरात कोणी आहे म्हणून?" तुमच्या तिकडे रिओ गायेगोसमध्ये काय करतात ते तूच तिला लिही.

लिहायचं होतं ते धुराड्याबद्दल.

तुला आठवत असेल, पहिल्यांदा मेंढ्या कातरणाऱ्या टोळीबरोबर निघालास तेव्हा धक्क्यावर आईला म्हणाला होतास, "आई, स्वयंपाकघर थंड पडू देऊ नकोस, मी येतोच." तू बोलून गेलास. निघताना माणूस काहीतरी बोलतोच. आईने ते मनावर घेतलं. तेव्हापासून आपली लोखंडी चूल एकदाही विझलेली नाही. रोज दिवेलागणीला जेवणं झाली की ती एक मोठा ओला ओंडका आत सरकवते, धुराड्याची झडप लावून घेते आणि विस्तव झोपवते. सकाळी राख बाजूला केली की तो लालबुंद डोळा उघडतो. बाबांना पोचवायला आलास तेव्हाही चूल गरमच होती. तू तिच्यावर हात शेकलेस आणि परत गेलास.

आता झालंय असं, की ओलं लाकूड आणि बंद झडप, त्यामुळे धूर वर जातो तो रेंगाळत जातो आणि वाटेतच धुराड्याला चिकटतो. आतून त्याचं डांबर झालंय. सांध्यांतून काळे थेंब ओघळतात, चुलीच्या पत्र्यावर पडले की चुर्र होतात. फडक्याने पुसायला गेलं तर फडकंच टाकून द्यावं लागतं. आईचा उपाय एकच, दर शनिवारी वाळवलेली बटाट्याची सालं जाळायची. सालांनी धुराडं साफ होतं असं तिची आई सांगायची, तिच्या आईची आई सांगायची. सालं जळताना वास छान येतो, एवढं मात्र खरं.

अलाओ बेटावरचा देल्फीन ग्वेंतेओ तुला आठवत असेल. एक हंगाम तुझ्याबरोबर टोळीत होता, मागे त्याची बायको वारली. तो इथे शेजारच्या फिदेलियामावशीची होडी दुरुस्त करायला आला होता, आपल्याकडे येर्बाच्या पानांचा काढा प्यायला डोकावला. त्याने सुरीच्या मुठीने धुराडं ठोकून पाहिलं. खाली ठण वाजलं, वर छताजवळ नुसतं धप्प. मला म्हणाला, "एतेल्विना, हे भरत आलंय. एखाद्या दिवशी आतल्या डांबरानेच पेट घेतला तर ही लाकडी कौलं, लाकडी भिंती, काही उरायचं नाही. चूल एक दिवस पूर्ण थंड करा, मी धुराडं उतरवून खरवडून देतो."

आई म्हणाली, "चूल थंड करायची तर आधी मला थंड कर."

तो बिचारा टोपी हातात धरून उभा राहिला. परवा पुन्हा येऊन ठोकून बघतो म्हणालाय.

रोसामेल, माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल. विस्तव तुझ्या नावाने ठेवलाय, तो विझवायची परवानगी तूच देऊ शकतोस. एक दिवसापुरती. एक ओळ लिही, बाकी सगळं मी बघते. मला संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात बसायची आता भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर तिथून उठवतही नाही. झडप लावली की उजेड तांबूस होतो, लाकूड आतल्या आत गुणगुणत राहतं, धुराचा गोडसर वास डोळ्यांवर येतो. आपण जागे आहोत की झोपेत तेच कळत नाही. परवा आईने डोळे मिटूनच विचारलं, "कोण आलं?" मी म्हटलं, कोणी नाही, पाऊस आहे. म्हणाली, "मग त्यालाही बसू दे."

पत्र मात्र लवकर टाक.

तुझी ताई,
एतेल्विना

—

केनाक बेट,
५ जुलै

प्रिय रोसामेल,

तुझं कार्ड मिळालं. चित्रातला हिमनग सुंदर आहे. ग्लादिसला पुन्हा दिवस गेल्याचं वाचून आनंद झाला, तिला म्हणावं जड उचलू नकोस.

तुला मी काय लिही म्हटलं होतं आणि तू काय लिहिलंस? विझवायची परवानगी लिही म्हटलं, तर तू लिहिलंस, "आईला सांग, डिसेंबरात नक्की येतो." कातरणीच्या ऐन हंगामात, डिसेंबरात. हे कोणाला सांगतोस? मला राग आला होता. मी कार्ड वाचून दाखवणारच नव्हते, पण आईने हिमनग बघितला होता, मग मागचंही वाचावं लागलं. त्या दिवसापासून तिचा ओंडका आणखी मोठा झाला. सफरचंदाचं जुनं झाड वादळात पडलं होतं ना, त्याचे ओलेच तुकडे करवून घेतले आणि रोज एक झोपवते. धुराड्यावरून डांबर असं ओघळायला लागलं की मी खाली जुना डबा लावून ठेवला.

आता बातमी. घाबरू नकोस, आम्ही दोघी धड आहोत आणि घरही उभं आहे.

सेंट पीटरच्या सणाआधी आपण डुक्कर कापलं. बाहेर पाऊस आडवातिडवा, पडवीत चरबी वितळवायची मोठी कढई होतीच, पण तळणीच्या कढया आत आणाव्या लागल्या. फिदेलियामावशी मदतीला आली होती. आणि देल्फीन. डुक्कर धरायला कोणीतरी पुरुषमाणूस हवाच होता. मावशीला तळण म्हणजे कडक आच लागते. तिने झडप सताड उघडली आणि लूमा झाडाची सुकी, टणक लाकडं एकापाठोपाठ एक चुलीत कोंबली. इतके महिने झोपून राहिलेली चूल एकदम जागी झाली.

आधी वरून सळसळ ऐकू आली. मग छतावर कोणी बैल बांधलाय आणि तो डुरकतोय, असा आवाज. धुराडं खालून वर तांबडं होत गेलं. वर डांबराने पेट घेतला होता.

देल्फीन ओरडला, "झडप लावा, चुलीचं दार लावा, हवा बंद करा," आणि भिजलेली पोती खांद्यावर टाकून शिडीने छतावर गेला. मावशीने झडप लावली आणि दारात जाऊन प्रार्थना सुरू केली. आई मिठाची बरणी घेऊन चुलीपुढे उभी, मुठीमुठीने आत मीठ टाकत होती आणि चुलीला शिव्या घालत होती, "तुला एवढं खाऊ घालते आणि तू माझं घर खातेस होय." मी बादली घेऊन अंगणात धावले. धुराड्याच्या तोंडातून हातभर ज्वाला निघत होती, ठिणग्या ओल्या कौलांवर पडून विझत होत्या. तो पाऊस नसता तर हे पत्र मी कुठल्यातरी शेजाऱ्याच्या घरात बसून लिहीत असते. देल्फीन त्या निसरड्या छतावर गुडघ्यांवर सरकत गेला आणि त्याने पोती तोंडावर दाबली. घर जळेल ही भीती मला दुसऱ्या क्षणी वाटली. पहिल्या क्षणी कसली वाटली ते इथे लिहीत नाही.

विझलं. धूर सगळ्या घरात भरला, रोदाजेसाठी शिजवायला ठेवलेलं मांससुद्धा काळं झालं. हे रोदाजे म्हणजे काय ते ग्लादिसला विचारू नकोस, तिला कळणार नाही, आपल्या घरचंच नाव आहे, बाबांनी ठेवलेलं. देल्फीन खाली उतरला तेव्हा त्याच्या भुवया जळालेल्या होत्या. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता बरा दिसतोस." मग चुलीचं दार उघडून चिमट्याने राख उकरली. तळाशी निखारे होते. तिने आमच्याकडे असं पाहिलं की जणू परीक्षा तिनेच पास केली. "विझली नाही," म्हणाली.

मी रडले, रोसामेल. धुराने नाही.

दुसऱ्या दिवशी देल्फीनने छतात डोकं घालून पाहिलं. जिथून धुराडं फळ्यांमधून वर जातं, तिथेच त्याला भेग पडलीय. आत डांबर अजून आहेच, जळून फुगलेलं. पुन्हा पेट घेतला तर ज्वाळा सरळ लाकडातच शिरतील. त्याने आईला शांतपणे समजावलं. आई म्हणाली, "डिसेंबरपर्यंत काढू." आता तो दर आठवड्याला होडीने येतो, धुराडं ठोकतो, भेगेवर चिखल थापतो. आई मला परवा म्हणाली, "एवढं ठोकायला ते धुराडं आहे की दार?" मी ताटं धूत होते, धूतच राहिले.

फिदेलियामावशीकडे तिच्या वाट्याचं योको पाठवलं. काळीज, फासळ्या, चरबीचे कुरकुरीत तुकडे, ताट शीग लावून. तिचं डुक्कर कापेल तेव्हा तेवढंच परत येईल. इथलं सगळं असंच चालू आहे. कोणी काही दिलं की आपण ते फेडेपर्यंत जेवण गोड लागत नाही. तिकडे असं असतं का?

तू आईला सरळ लिही की डिसेंबरात जमणार नाही. मी लिहायला लावलं असं लिहू नकोस.

आणखी एक होतं, पण होडी सुटायची वेळ झाली.

ताई

—

केनाक बेट,
१३ सप्टेंबर

प्रिय रोसामेल,

ह्या वेळी तुझ्या पत्राची वाट पाहिली नाही. वासराचं नाव आम्हीच ठेवलं, आता ते 'ए' ला ओ देईनासं झालं होतं.

धुराडं साफ झालं. सगळं सांगते, थोडं लांबेल. तुला रात्रपाळी नसेल तेव्हा वाच.

ऑगस्ट सरताना फिदेलियामावशीचं डुक्कर कापलं आणि ती आपलं योको परत घेऊन आली. तेच ताट, तेवढंच मांस, ओळखीच्या हाताने बांधलेलं. चुलीपाशी येर्बा पीत बसली, वर भेगेकडे पाहिलं आणि आईला सहज म्हणाली, "एर्सिरा, तुझा विस्तव दिवसभर माझ्याकडे ठेव की. मांस ठेवतो, बियाणं ठेवतो, विस्तवाला काय झालं? पोरं धुराडं उतरवतील. संध्याकाळी जेवढा आणलास तेवढा परत ने."

चूल विझवणं आणि विस्तव शेजारी ठेवणं, ह्यात आईच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक होता. दिलेलं परत येतं, हे तर तिला कोणी समजवायची गरज नाही. शेवटी आई म्हणाली, "मी स्वतः नेईन."

मग एक कोरडा दिवस पाहिला. कोरडा म्हणजे काय, पाऊस नव्हता, धुकं होतं. देल्फीन सकाळीच शिडी, साखळी आणि आचाओ गावाहून आणलेला धुराड्याचा नवा तुकडा घेऊन हजर. आईने तिची जाड काळी शाल घेतली. लोखंडी भांड्यात खाली राख, वर निखारे, वर पुन्हा राख, असं तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं तिने भरलं. भांड्याच्या कडीतून काठी घातली. एक टोक तिने धरलं, एक मी. अशा आम्ही निघालो.

भरती ओसरलेली, किनाऱ्यावर कोणी नाही. अलाओ धुक्यात पार बुडून गेलेलं. भांड्यातून धुराचा एक बारीक धागा आमच्या मागे येत होता. आई कितीतरी काळात एवढी दूर चालली नव्हती. दर थोड्या पावलांनी थांबायची. एकदा म्हणाली, "हे झाड कधी एवढं झालं?" एकदा नुसतीच पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "काल स्वप्नात रोसामेल आला होता. लहान होता. चुलीपाशी बसून मला विचारत होता, बाई, हे कोणाचं घर?" मी म्हटलं, मग तू काय सांगितलंस? म्हणाली, "मला आठवेचना."

वळणावर तिने मागे पाहिलं. आपलं घर दिसत होतं, टेकाडावर, करड्या कौलांचं. धूर नव्हता. छतावर देल्फीन बसलेला, त्याच्या हातात धुराड्याचं टोपण. ती बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं आता परत फिरते. पण म्हणाली, "असं दिसतं होय आपलं घर," आणि काठी पुन्हा उचलली.

मावशीची चूल अर्थातच पेटलेली होती. हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मावशीने दार उघडलं, आईने आपले निखारे चिमट्याने उचलून आत ठेवले, वर सुकी फाटी घातली, आणि दोन्ही विस्तव भडभडून एकत्र पेटले. आई वाकून आत पाहायला लागली. पाहता पाहता तिचा चेहरा पडला.

"आता ह्यातला आमचा कोणता?" तिने विचारलं.

मावशी म्हणाली, "जो जास्त लाकूड खातोय तो तुमचा."

आई आधी तिच्याकडे बघतच राहिली, आणि मग हसली. किती हसली म्हणून सांगू. शालीने डोळे पुसत, गुडघे दाबत हसली. मला तिचं हे हसणं विसरायलाच झालं होतं. मग दोघी म्हाताऱ्या चुलीपाशी बसल्या त्या उठेचनात. मावशीने बटाट्याच्या पोळ्या थापल्या, आईने तिच्या भाजण्याला नावं ठेवली आणि चार खाल्ल्या. कोणाकोणाची लग्नं, कोणाच्या मयताला कोण आलं नाही, कुठली होडी कुठे बुडाली. बोलता बोलता आईची मान खाली गेली आणि ती परक्या चुलीपाशी गाढ झोपली. मी खिडकीशी बसून होते. बाहेर धुकं, आत पोळ्यांचा वास. मला कुठे जायचं नव्हतं, कशाची राखण करायची नव्हती, आणि ह्याचीच मला सवय नव्हती.

मधे एकदा मी घरी जाऊन आले. अंगणात धुराड्याचे तुकडे मांडलेले, देल्फीन साखळी आत फिरवून खडखडवत होता. काकवीसारखा चिकटा, त्यावर जळून फुललेला काळा कोळसा. छताजवळच्या तुकड्यात माझी मूठही जाईना. तो म्हणाला, "एतेल्विना, एवढ्याशा भोकातून तुम्ही इतकी वर्षं श्वास घेत होतात." तो धुराड्याबद्दल बोलत होता. मी तिथेच ओल्या लाकडांवर बसले आणि मला हुंदका आला. त्याने हात पुसले, पण डांबर का पुसलं जातं, म्हणून माझ्यापासून वीतभर दूर उभा राहिला आणि वाट पाहिली. त्याला वाट पाहता येते. आईसारखी नाही, वेगळी. विस्तव न मागता.

ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार. रोसामेल, देल्फीनने मला गेल्या मार्चमध्येच विचारलं होतं. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही आधी. मी त्याला म्हटलं, आमची चूल विझत नाही, मी कशी येऊ? ह्या वयात ऐकायला हसू येईल, पण मला तो आवडतो. त्याचं टोपी हातात धरणं आवडतं. दर आठवड्याला होडीचा आवाज आला की मी केस विंचरत होते. तुझ्याकडे परवानगी मागत होते ती एका दिवसाची नव्हती.

दुपार कलल्यावर देल्फीन सांगायला आला. डोक्यापासून पायापर्यंत काळा, फक्त डोळे. "आजी, झालं. भेगेचा तुकडा बदललाय, लाकूड आणि धुराडं यांच्यामध्ये पत्रा घातलाय. आता ओढ अशी आहे की टोपी धरली तर वर जाईल."

मावशीने लोखंडी भांडं आणून चुलीपुढे ठेवलं. चिमटा आईच्या हातात दिला. आईने चुलीचं दार उघडलं, आत पाहिलं. आणि दार लावून टाकलं.

"राहू दे," म्हणाली. "रमलाय तो इथे."

मी म्हटलं, आई, योकोसारखा आपला विस्तवही परत न्यायचा आहे ना? रोसामेल डिसेंबरात—

"डिसेंबरात कातरणी टाकून कोणी घरी आलंय का?" ती म्हणाली. "तुझा बाप उभा जन्म कातरत होता. मला महिने कळत नाहीत होय?"

मग ती माझ्याकडे न बघता, चुलीकडेच बघत बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण मला ते सारखे ऐकू येतात. "तो येणार नाही हे मला बापाच्या मातीलाच कळलं. त्याने हात शेकले, बसला नाही. पुढे मी विस्तव त्याच्यासाठी ठेवला नव्हता, पोरी. नाव त्याचं घेत होते. पेटत्या चुलीपाशी कोणीतरी राहावंच लागतं. ती विझली असती तर तुला थांबवायला माझ्याकडे काय होतं?"

मावशीने तोंड फिरवलं. देल्फीन दारातच उभा होता, त्याला बाहेर जावं की आत यावं कळेना. मला राग यायला हवा होता. आला पण. मनात आलं, माझी इतकी वर्षं, आई. पण चिमटा अजून तिच्या हातातच होता, आणि राग तिथपर्यंत पोचेपर्यंत विरून गेला. मी तिच्या पायाशी बसले. ती माझ्या केसांतून हात फिरवत देल्फीनला म्हणाली, "आणि तू, उद्यापासून धुराडं ठोकायचं कारण सांगून येऊ नकोस. सरळ ये."

घरी आलो. स्वयंपाकघर थंड होतं. असं थंड मी त्याला इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. भांड्यांचा आवाज वेगळा, आपल्या पावलांचा आवाज वेगळा. आईने शाल न काढता काड्यांची पेटी मागितली. पहिली काडी मोडली. दुसरीने सुकी फाटी धरली, आणि धूर सरळ वर निघून गेला, घरात त्याचा वाससुद्धा राहिला नाही. जेवणं झाल्यावर मी सवयीने ओंडक्याकडे गेले. आई म्हणाली, "ठेव तो. जळेल तेवढं जळू दे." झडप उघडीच राहिली. आम्ही आपापल्या अंथरुणात जाऊन ती शांतता ऐकत पडलो.

आमचं लग्न नोव्हेंबरात आहे. मी अलाओला जाईन. आईला चल म्हणून मी विनवलं, देल्फीनने विनवलं, ती तयार नाही. म्हणते, सुनेकडे राहणारी ऐकली होती, जावयाच्या होडीत बसणारी म्हातारी ऐकली नाही. स्वतःच्या घरात राहणार, दिवसा मावशीकडे. देल्फीनने सुकी लाकडं पडवीत थप्पी लावून ठेवलीत, आम्ही दर आठवड्याला येणारच. तरी रोज सकाळी ती उठेल तेव्हा चूल थंड असेल आणि पेटेपर्यंत तिला थंडी वाजेल. हे मला माहीत आहे, आणि माहीत असून मी जाते आहे.

ती म्हणाली, त्याला हे कळवू नकोस, चूल विझली कळलं तर पोराला उगाच वाईट वाटेल. मी कळवते आहे. तुला वाईट वाटावं असं मला वाटतं. फार नाही, थोडं.

इथे आता तुझ्यासाठी कोणी काही पेटतं ठेवलेलं नाही, रोसामेल. येशील तर घर गार असेल. गरम घरात पाहुणाही येतो. गार घरात येऊन जो वाकून चूल पेटवतो, तो घरचा. तू कोण ते आता आईने ठरवायचं राहिलं नाही, मीही नाही.

तुझी वाट पाहणं सोडलेली,
तरी तुझीच ताई,
एतेल्विना